टेबलावरचे तळे आणि त्याचा ताळेबंद

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या बेळगुंदी परिसरातल्या ओढ्यांना नवे पाणी येते आणि त्या पाण्याच्या उलट दिशेने मासे भातशेतांकडे चढू लागतात. हे चढणीचे मासे धरायला आम्ही पोरे बुट्टी, पंचा, फाटकी मच्छरदाणी, हाताला लागेल ते घेऊन धावत असू. त्यामुळे मासा म्हणजे कालवणात घालायची वस्तू, एवढीच माझी लहानपणापासूनची ओळख. तोच मासा कचेरीतल्या टेबलावर, काचेच्या पेटीत, हिरव्या वनस्पतींच्या सोबतीने जगवायचा, हे मला जमेल असे वाटले नव्हते. पहिल्या खेपेस जमलेही नाही. चार मासे मेले. दुसऱ्या खेपेचे पाच मासे मात्र दहा महिने झाले, सुखरूप आहेत. या दोन खेपांत फरक कोठे पडला, ते वाचकांपुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शास्त्र शिकलो ते दहावीपर्यंत, तेही मराठी माध्यमातून. म्हणून या लेखात रसायन व जीवशास्त्राचा जो भाग येईल तो मी जमाखर्चाच्या भाषेत समजून घेतला आहे. शास्त्र शाखेच्या प्राध्यापकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

पहिली खेप

सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर गावातल्या एका काजू कारखान्याच्या कचेरीत हिशेबाच्या कामाला मदत, असा माझा दिनक्रम आहे. कचेरीत तीन टेबले. एकावर आमचे हिशेबनीस काका, एकावर वसुलीचे काम पाहणारे अण्णा आणि कोपऱ्यातले छोटे टेबल माझे. काकांची भाषा मराठी, अण्णांची कन्नड; शिपाईमामा दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलतात. मला दोन्ही येतात. पण लिहायची वेळ आली की हात आपोआप मराठीकडे वळतो.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत हाती थोडे पैसे आले. त्यातून मी बेळगावहून काचेचे एक गोल भांडे, चार गोल्डफिश आणि खाद्याची एक डबी आणली. भांड्यात जेमतेम पाच लिटर पाणी मावत होते. नळाचे पाणी भरले, तळाशी रंगीत खडे टाकले आणि त्याच दिवशी मासे सोडले. टेबलाला एकदम शोभा आली. मालकांनीही दोन मिनिटे थांबून पाहिले.

मासे दिसले की माणसाला त्यांना खाऊ घालावेसे वाटते. काका चिमूटभर घालत, मी घाली, मामा तर येता-जाता घालत. पाणी गढूळ दिसू लागले तेव्हा मी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवले : ‘माशांना खाणे घालू नये.’ तरी पाणी सुधारेना. चौथ्या दिवशी एक मासा मेला. सातव्या दिवशी आणखी दोन. त्याच दुपारी मी पाहिले, की अण्णा आणि माल न्यायला आलेले ट्रकचे ड्रायव्हर मोठ्या मायेने बिस्किटाचा चुरा भांड्यात टाकत आहेत. दोघांनाही मराठी वाचता येत नाही. माझी पाटी त्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण ती त्यांच्यासाठी नव्हतीच. मला कन्नड लिहिता येत असूनही ती दोन भाषांत लिहावी हे सुचले नाही, याची मला आजही लाज वाटते.

आठव्या दिवशी उरलेला मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागला. मामा म्हणाले, “सोड की रे ओढ्यात. जगंल तरी.” संध्याकाळी मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओढ्यापर्यंत गेलो. काठावर बराच वेळ उभा राहिलो. पिशवी उघडायला मन घेईना. का घेईना, ते मला त्या वेळी सांगता आले नसते. परत येऊन भांड्यात ताजे पाणी घातले व मासा सोडला. सकाळी तो मेलेला होता. “सोडला असतास तर जगला असता,” एवढेच मामा म्हणाले. पुढे दोन महिने मी जे वाचले, ते या एका वाक्याचे उत्तर शोधण्यासाठी.

पाण्यातला जमाखर्च

ओढा आणि भांडे यांत मुख्य फरक असा, की ओढ्यात पडलेले वाहून जाते आणि भांड्यात पडलेले कोठेही जात नाही. मासा खातो, श्वास घेतो आणि मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेले अन्न कुजते, त्यातूनही अमोनियाच तयार होतो. हा अमोनिया माशाला विषासारखा आहे. पाण्याचा सामू जितका अधिक तितका तो अधिक घातक. सामू ७ वरून ८ वर गेला तर अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दहापट होतो. म्हणजे खाद्याची प्रत्येक चिमूट हे टाकीच्या डोक्यावरचे देणे आहे आणि ते कोणीतरी फेडावे लागते.

निसर्गात हे देणे जीवाणू फेडतात. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. यातला नायट्राइटही धोक्याचाच. तो माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करतो. नायट्रेट मात्र बराच सौम्य असतो, आणि वनस्पती अमोनिया व नायट्रेट दोन्ही खत म्हणून शोषून घेतात. या जीवाणूंचे कार्य विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास उलगडले. २०१५ साली तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकटाच करणारा जीवाणूही सापडला.

ही गोष्ट लोकांना शास्त्राच्या आधी अनुभवाने उमगली होती. वनस्पतीची हिरवी पाने उजेडात प्राणवायू देतात, हे इंगेनहाउझ याने १७७९ साली पाने पाण्यात बुडवून, वर येणारे बुडबुडे पाहून दाखवले. पुढे लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने पाण्याच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. काही दिवस ठीक गेले. मग जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले. तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका भाग खाऊन टाकला आणि पाणी निवळले. मासा, वनस्पती आणि गोगलगाय या तिघांचा हा मेळ त्याने १८५० साली विद्वानांपुढे मांडला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले.

वॉरिंग्टनचा प्रयोग वाचला तेव्हा मला काकांचे नेहमीचे वाक्य आठवले : “नावे पडलं की कुठंतरी जमा पडलंच पाहिजे.” माझ्या गोल भांड्यात सगळे नावेच पडत गेले होते. जमेच्या बाजूला एक पानसुद्धा नव्हते. जीवाणूंची वाढ व्हायला काही आठवडे लागतात. मी त्यांना एक दिवसही दिला नव्हता. शिवाय नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने माशांच्या कल्ल्यांना इजा होते, ती वेगळीच.

टाकी आणि जागा

जानेवारीत मी पुन्हा आरंभ केला. या वेळी गोल भांडे नको असे ठरवले, कारण त्यात पाणी थोडे आणि हवेला लागणारा पृष्ठभागही लहान. पाणी जितके अधिक तितकी चूक उशिरा जाणवते व सुधारायला वेळ मिळतो. पण कचेरीच्या टेबलाला मर्यादा असते. त्यातून मी ४५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद व ३० उंच अशी काचेची टाकी निवडली. माती-वाळूची जागा आणि वरची मोकळी जागा सोडून तिच्यात सुमारे २५ लिटर पाणी राहते.

वजनाचा हिशेब आधी करावा. पाणी २५ किलो, माती-वाळू ८ किलो, काच सुमारे ७ किलो, असे एकंदर ४० किलो होते. सिमेंटच्या पोत्यापेक्षा हे थोडेच कमी. पातळ प्लायवूडचे, चाके लावलेले टेबल यासाठी घेऊ नये. मी काकांच्या जुन्या सागवानी टेबलाचा भिंतीकडचा कोपरा मागून घेतला. टाकीखाली थर्मोकोलचा तुकडा घातला, म्हणजे टेबलाच्या उंचसखलपणाचा ताण काचेवर येत नाही. वहीखाते व संगणक तिच्यापासून हातभर दूर ठेवावेत. विजेची वायर बटणाकडे जाण्यापूर्वी खाली झोल देऊन न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेला थेंब झोलाशीच गळून पडतो, बटणापर्यंत जात नाही.

खिडकीतले थेट ऊन टाकीवर येऊ देऊ नये. उन्हाने पाणी तापते आणि काचेवर शेवाळ धरते.

माती, वाळू आणि वनस्पती

डायना वॉलस्टॅड या अमेरिकन लेखिकेने १९९९ साली लिहिलेल्या पुस्तकामुळे, तळाशी साधी माती घालून कमी खर्चात टाकी लावण्याची पद्धत जगभर माहीत झाली. मी तीच धरली. परसातली, खत व औषध न लागलेली माती चाळून तिचा दोन सेंटिमीटर थर दिला. आमच्याकडे रताळ्याच्या व बटाट्याच्या शेतांत खते-औषधे पडतात, म्हणून शेतातली माती मुद्दाम घेतली नाही. मातीवर धुतलेल्या जाड वाळूचा तीन सेंटिमीटर थर दिला. पाणी ओतताना वाळूवर बशी ठेवून तिच्यावर हळूहळू ओतावे. नाहीतर सगळी माती वर येते. हे मी एकदा ओतून मग शिकलो.

वनस्पती पहिल्याच दिवशी भरपूर लावाव्यात. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरियाची लांब, रिबिनीसारखी पाने. मधे झपाट्याने वाढणारी हायड्रिला. पुढे बुटकी क्रिप्टोकोरायनी. आणि एका दगडाला दोऱ्याने बांधलेली जावा फर्न. जावा फर्नचे आडवे खोड वाळूत पुरले तर कुजते, म्हणून ती बांधावीच लागते. क्रिप्टोकोरायनी नव्या पाण्यात आली की पाने गाळून बसते. तिला मेली समजून उपटू नये. मूळ जिवंत असले तर ती पुन्हा फुटते.

हायड्रिला आमच्या तळ्यांतही मिळते. परंतु तळ्यातून आणलेल्या झुडपाबरोबर चतुराची अळी आली तर ती लहान मासे मारते. म्हणून असे झुडूप आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून, रोज धुऊन, मगच टाकीत लावावे. घाटातल्या ओढ्यांतून दुर्मिळ वनस्पती उपटून आणू नयेत. दुकानात वाढवलेल्या मिळतात, त्या घ्याव्यात.

उजेडासाठी एक छोटा एलईडी दिवा पुरतो. तो दिवसाला सात तास चालतो. वनस्पती उजेडात प्राणवायू देतात, पण रात्री त्याही तो वापरतात. त्यामुळे पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. यासाठी हवेच्या पंपावर चालणारी स्पंजची गाळणी चोवीस तास चालू ठेवावी. त्या स्पंजातच जीवाणूंची वस्ती होते. वीज चार-दोन तास गेली तरी मासे थोडे व वनस्पती दाट असल्यास चिंता नसते.

मासे नसलेली टाकी

आता या पाठातला सर्वांत अवघड भाग : वाट पाहणे. टाकी भरली, झाडे लावली, दिवा लावला, आणि मासे घातले नाहीत. कचेरीतल्या सगळ्यांनी माझी थट्टा केली. मालकांनी विचारले, “अरे, यातले मासे पळाले काय?” मी रोज रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकत होतो. ते कुजून अमोनिया व्हावा आणि त्यावर जीवाणू पोसावेत, हा त्यातला उद्देश. दुकानातून आणलेल्या तपासणी-संचाने मी दर चार दिवसांनी पाणी तपासून वहीत नोंद केली. आठव्या दिवशी अमोनिया चढलेला होता. विसाव्या दिवशी तो उतरू लागला व नायट्राइट चढला. छत्तिसाव्या दिवशी दोन्ही शून्यावर आले. आणखी चार दिवस रोज खाद्य टाकूनही ते शून्यावरच राहिले.

त्या दिवशी मी ती वही काकांना दाखवली. त्यांनी चष्मा सावरून दोन्ही रकाने वरपासून खालपर्यंत वाचले व म्हणाले, “तेरीज जुळली. आता माल उचल.”

मासे

गोल्डफिश या टाकीसाठी चुकीचा मासा आहे. नीट वाढला तर तो वीतभर होतो आणि घाणही फार करतो. मी पाच गप्पी घेतले, तेही सगळे नर. गप्पीची मादी अंडी न घालता थेट पिले देते, आणि एकदा नराशी संबंध आल्यावर पुढे अनेक महिने देत राहते. नर-मादी एकत्र घेतले तर लहान टाकीत दाटी व्हायला वेळ लागत नाही.

गप्पी आपल्याकडे अनोळखी नाही. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खाते तो हौदांत व टाक्यांत सोडत आले आहे. मूळचा मात्र तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला व त्रिनिदादचा. त्रिनिदादहून रॉबर्ट गप्पी या गृहस्थांनी १८६६ साली याचे नमुने लंडनला पाठवले. त्यांचे आडनाव माशाला चिकटले ते कायमचे. आमच्याकडच्या थंडीत एकदा सकाळी पाणी १९ अंशांवर उतरलेले मी पाहिले. तेवढी थंडी गप्पी सोसतो.

मासे आणल्यावर पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे होते. मग टाकीतले थोडे थोडे पाणी पिशवीत घालत जावे आणि शेवटी जाळीने मासे टाकीत घ्यावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

रोजची कीर्द

काम थोडे आहे, पण ते चुकवून चालत नाही. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. रविवारी कचेरी बंद असते. त्या दिवशीच्या उपासाने माशांचे काही बिघडत नाही. आठवड्यातून एकदा पावहिस्सा, म्हणजे सुमारे सहा लिटर पाणी बदलावे. नवे पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडे ठेवले तर क्लोरीन उडून जाते. त्यावर न विसंबता मी क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे थेंबही घालतो. स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये. काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळावा, नाहीतर त्यातले जीवाणू मरतात आणि चाळीस दिवसांची कमाई एका मिनिटात जाते. टाकीत हात घालण्यापूर्वी तो स्वच्छ धुऊन साबणही पूर्ण काढावा. आमच्याकडे तर बोटांना काजूच्या टरफलाचे तेल लागलेले असते, ते पाण्यात मुळीच जाता कामा नये.

खाद्याच्या डबीशेजारी मी एक लहान वही टांगली आहे. तारीख, खाणे कोणी घातले आणि शेरा, असे तीन रकाने. वर दोन्ही भाषांत सूचना आहे : एका ओळीत ‘खाणे घालू नये, पाळी पाहावी’, आणि खाली कन्नड अक्षरांत ‘आहार हाकबेडि’ व त्याच अर्थाचे पुढचे. सोमवार काकांचा, मंगळवार अण्णांचा, बुधवार मामांचा, उरलेले तीन दिवस माझे. अण्णा आपली नोंद कन्नडमध्ये करतात. एक मासा कोपऱ्यात दबून बसतो, हे पहिल्यांदा त्यांच्याच शेऱ्यातून कळले. मी लगेच पाणी तपासले, नायट्राइट किंचित आला होता, सलग तीन दिवस थोडे थोडे पाणी बदलले आणि मासा वाचला. मराठीत ती वही कोणी एकट्याने लिहिली असती तर ती नोंद तिच्यात आली नसती.

मामांना उत्तर

आता ओढ्याकडे येतो. त्या संध्याकाळी मी पिशवी उघडली असती तर? आजारी मासा बहुधा तिथेही मेला असता. पण जगला असता तर ती अधिक वाईट गोष्ट झाली असती, असे आज मला वाटते. आमच्या भागातले पाणी मार्कंडेय नदीत जाते, मार्कंडेय घटप्रभेला मिळते व घटप्रभा कृष्णेला. बेळगाव शहराला पाणी देणारे राकसकोपचे धरण याच मार्कंडेयवर आहे. घटप्रभेला मिळणारी आणखी एक नदी म्हणजे हिरण्यकेशी. ती आंबोलीत उगम पावून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर या वाटेने येते. तिच्या उगमाशी, देवळाजवळच्या पाण्यात माशाची एक नवीच जात सापडली आणि २०२० साली तिचे शास्त्रीय वर्णन झाले. नदीचेच नाव तिला दिले आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एका देवळाच्या तळ्याएवढ्या पाण्यात जिचे घर आहे, अशी जात परक्या माशांच्या गर्दीत किती दिवस टिकेल?

दुकानांत काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा दक्षिण अमेरिकेचा. लोकांनी टाक्यांतून सोडून दिल्यामुळे तो आज देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला आहे. जलपर्णीही तिकडचीच, शोभेसाठी आली आणि आज कोल्हापूरच्या रंकाळ्यावर व पंचगंगेवर तिने काय केले ते आपण पाहतो. तेव्हा टाकी मोडायची झाली तर मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत. झाडे उन्हात पूर्ण वाळवून मग टाकावीत. टाकीतले पाणी कुंड्यांना घालावे, ओढ्याला नव्हे. ओढ्यात पडलेले वाहून जाते असे मी वर लिहिले. ते खरे आहे, पण ते कोणाच्या तरी दारी वाहत जाते, हे त्यात लिहायचे राहिले होते.

मी हे सगळे मामांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग त्याला पहिल्यांदा आणायलाच नको होतास.” याला माझ्याकडे उत्तर नाही. त्यांचे बरोबर आहे.

खर्चपत्रक

वाणिज्य विद्यार्थ्याने खर्च न सांगणे बरे दिसत नाही. माझा खर्च येणेप्रमाणे झाला.

टाकी : रु. ७५०
एलईडी दिवा : रु. ५००
हवेचा पंप व स्पंज-गाळणी : रु. ४००
वाळू : रु. १००
वनस्पती : रु. ३००
क्लोरीन मारणारे औषध : रु. ६०
तपासणी-संच : रु. ६५०
मासे व जाळी : रु. १४०
एकूण : रु. २,९००

यात मासे शेवटी व सर्वांत स्वस्तांपैकी आहेत, हे ध्यानात घ्यावे. पाच माशांचे शंभर रुपये. पण मी पहिल्या खेपेस उलटे केले. आधी मासे आणले आणि बाकीचे पुढे पाहू म्हटले. मित्रांनो, आपल्यापैकी कोणाला वसतिगृहाच्या खोलीत किंवा कामाच्या टेबलावर अशी टाकी लावायची असेल तर एवढेच करा : टाकी आज लावा आणि मासे चाळीस दिवसांनी आणा. मधल्या काळात लोक हसतील. हसू द्यावे.

टाकीजवळच्या वहीच्या पहिल्या पानावर गेल्या दिवाळीचे चार गोल्डफिश माझ्या नावे लिहिले आहेत. ती नोंद मी खोडलेली नाही. पुढच्या पानापासून मार्चअखेरपर्यंत आणि तिथून आजपर्यंत पाच मासे शिल्लक आहेत. आजच्या तारखेची नोंद अण्णांची आहे : पाचही खात आहेत, पाणी स्वच्छ.